पुढच्या गुरुवारी येशील ना?

“पुढच्या गुरुवारी येशील ना?” हे त्या आजोबांनी माझ्या मुलीला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा अवघडले. आम्ही राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीला, रॅलेच्या शेजारी. माउंट एअरी तिथून गाडीने दोन तास, व्हर्जिनियाच्या हद्दीला टेकलेलं, अॅपलेशियन डोंगरांच्या पायथ्याचं गाव. शाळा सुरू असताना दर गुरुवारी दोन तास जायचं आणि रात्री दोन तास परत यायचं हे जमणारं नव्हतं, आणि तसं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, गज ढिला केला, फिडल पेटीत ठेवली आणि पेटीच्या कड्या लावता लावता पुन्हा तेच विचारलं. मी “बघू हं” म्हणून सुटका करून घेतली. परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली, पण मला ते वाक्य काही सोडेना. त्या माणसाने तिचं कौतुक म्हणावं असं काही केलंच नव्हतं. हात चांगला आहे, मेहनत कर, पुढे जाशील, यातलं एक अक्षर नाही. आपल्याकडे क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आलेले बुजुर्ग कलाकार जे काही बोलतात, त्यातलं काहीच नाही. नुसतं, येशील ना. तरुणांना प्रोत्साहन देणं म्हणतात त्यात देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. हा माणूस तर मागत होता.

त्या संध्याकाळी घडलं होतं ते एवढंच. माउंट एअरीत गुरुवारी मुलांना फिडल, बँजो, गिटार फुकट शिकवतात आणि नंतर जॅम बसतो. घडीच्या खुर्च्यांचं कडं करायचं आणि वाजवायला लागायचं. माइक नाही, स्टँड नाही, समोर श्रोते असलेच तर आमच्यासारखे आईबाप. कॉफीचा आणि पावसात भिजलेल्या जॅकेटांचा वास. मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, त्यामुळे तिचा सगळा सरंजाम बरोबर होता: खांद्याचं रेस्ट, नोटेशनची फाइल, पेन्सिल. (फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, मांडीला मांडी लावून बसणारी माणसं वेगळी.) आजोबांनी शेजारची खुर्ची पायाने ओढून तिच्याकडे केली. त्यांची फिडल हनुवटीखाली नव्हतीच, छातीला टेकवलेली होती, आणि तारांखालच्या लाकडावर राळेचा पांढरा थर बसला होता, वर्षानुवर्षं न पुसलेला. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तो बघितला असता तर त्यांना घेरी आली असती. आजोबांनी मुलीचं व्हायोलिन मागून घेतलं आणि न विचारता खुंट्या पिळायला सुरुवात केली. सगळ्यात खालची तार ‘जी’वरून ‘ए’वर, तिच्या शेजारची ‘डी’वरून ‘ई’वर. तार तुटते की काय म्हणून मी खुर्चीतून अर्धी उठले. तुटली नाही. चारही तारा आता ए-ई-ए-ई अशा बोलायला लागल्या, आणि मला हसूच आलं, कारण हे तर आपलं सा-प-सा-प. दक्षिणेत व्हायोलिन लावतात ते असंच. मी त्यांना ते सांगितलं. “तुमच्याकडेही फिडल आहे?” ते म्हणाले, आणि एवढं बोलून समाधान झाल्यासारखे वाजवायला लागले.

मुलीला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. डावा हात विसर, माझ्या गजाबरोबर तुझा गज हलव. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. धून दोन भागांची. प्रत्येक भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे बँजोवाले नखाच्या पाठीने तारेवर खाली मारत होते आणि अंगठा त्या पाचव्या, आखूड तारेवर टेकत होता, म्हणजे वर काहीही चालू असो, ती एक तार आपली वाजतेच आहे. ब्लूग्रास या यातूनच पुढे निघालेल्या शैलीत प्रत्येकाला आपली करामत दाखवायची पाळी मिळते. इथे, ज्याला ही मंडळी ओल्ड-टाइम म्हणतात त्यात, तसं काही नसतं. सगळे एकदम, सगळं तेच, इतक्या वेळा की बसल्याबसल्या मला कंटाळा आला, मग कंटाळा गेला, आणि मग कधीतरी माझा पाय ताल धरू लागला होता. मुलीचा डावा हात आपोआप सुरांवर पडायला लागला होता. चुकीच्या, बरोबर, पुन्हा चुकीच्या. कुणी थांबवलं नाही. धून संपवायची असली की फिडलवाला एक पाय जमिनीवरून उचलतो, एवढीच खूण. आजोबांनी पाय उचलला, सगळे एका ठोक्यावर थांबले आणि माझी लेक एकटीच पुढे निघून गेली. सगळे मोठ्याने हसले, तीही हसली.

आमच्या डोक्यात गुरू नावाची वेगळीच मूर्ती बसलेली असते. घराण्याची चीज पेटीत कुलूपबंद, शिष्याने पाणी भरायचं, पाय चेपायचे, मग कधीतरी अस्ताई मिळणार, अंतरा पुढच्या वर्षी. भातखंड्यांना त्या बंदिशी बाहेर काढताना काय यातायात करावी लागली ते आपण ऐकूनच आहोत. त्या मानाने हे डोंगरातले म्हातारे वाटेत गाठून देणारे. मला आधी वाटलं, भला माणूस, मनाने उदार. पण उदार माणूस तीनदा विचारत नाही. एकदा विचारतो, आणि आपण नाही म्हटलं की त्याचं काही बिघडत नाही.

माउंट एअरीच्या जवळच राउंड पीक नावाचा डोंगर आहे आणि टोस्ट नावाची वस्ती. तिथे टॉमी जॅरेल राहायचे. जन्म १९०१चा. उभी हयात सरकारी रस्ते खात्यात ग्रेडर चालवण्यात गेली, १९६६ला निवृत्त झाले, आणि त्यानंतर थोड्याच काळात बायको गेली. तरुणपणी त्यांनी फिडल वाजवली होती ती नाचासाठी. शेतातल्या कामाला शेजारीपाजारी जमायचे, मक्याची कणसं सोलून व्हायची आणि मग घरातलं सामान बाहेर काढून रात्रभर नाच. ती कामं गेली, ते नाच गेले. गावातल्या पोरांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आली होती, आणि आजोबांची फिडल म्हणजे त्यांच्या दृष्टीने गावंढळपणाची निशाणी; शहरातले लोक ज्यावरून आपल्याला हसतात तेच. आणि अशा वेळी त्यांच्या दारात कोण आलं, तर शहरातली, लांब केसांची, कॉलेजातली पोरं. न्यूयॉर्कहून, कॅलिफोर्नियाहून, कुठून कुठून, टेपरेकॉर्डर घेऊन. जॅरेलनी त्यांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली आणि रात्री जागवल्या. १९८२मध्ये अमेरिकी सरकारने पारंपरिक कलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. १९८५ला ते गेले. त्यांची फिडल आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अॅलिस जेरार्ड ही गायिका १९८१ला व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला येऊन राहिली ती जॅरेलसारख्यांच्या सहवासासाठी, आणि पुढे तिने याच संगीताला वाहिलेलं एक नियतकालिक काढलं.

हा सगळा इतिहास ‘वारसा जतन’ या सदरात मोडतो. फलकांवर, अनुदानाच्या अर्जांवर तसंच लिहिलेलं असतं, आणि लिहावंच लागत असणार, नाहीतर पैसे कोण देणार. पण मला त्या घराच्या ओसरीवरचा माणूस दिसतो. निवृत्त, विधुर, हातात फिडल, समोरची खुर्ची रिकामी. बँजोशिवाय ही धून अर्धीच वाटते आणि नाचणाऱ्यांशिवाय पाव. आपल्याकडचा गवई तंबोरा मिळवून पहाटे एकटा रियाझाला बसला तरी संगीत पुरं होतं. उलट ते तसंच व्हावं अशी आपली समजूत आहे. इथे तसं नाही.

हे एकट्याने वाजवायचं संगीतच नव्हे.

रॅल्फ स्टॅन्लींची गोष्ट या बाबतीत मला फार लागते. स्टॅन्ली ब्रदर्स म्हणजे ब्लूग्रास गाणारे दोन भाऊ, कार्टर आणि रॅल्फ. एकाचा मुख्य स्वर, दुसऱ्याचा त्याच्या वर चढणारा. १९६६च्या डिसेंबरात कार्टर गेला. पुढे १९७० साली एका रात्री रॅल्फना कार्यक्रमाला पोचायला उशीर झाला, गाडीचं चाक बसलं होतं. ते आत शिरले तेव्हा वेळ मारून न्यायला दोन शाळकरी पोरं गात होती, त्यांचीच गाणी, त्या दोन भावांच्या आवाजात. रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली. दोघांनाही रॅल्फनी आपल्या बँडमध्ये घेतलं. याला होतकरू कलाकारांना दिलेली संधी म्हणता येईल, म्हणतातही. मला मात्र दारात थबकलेला तो माणूस दिसतो, चार वर्षांपूर्वी पुरलेल्या भावाचा आवाज समोरून ऐकणारा. अशा पोरांना कोण सोडेल? याच रिकीला सहा वर्षांचा असताना केंटकीतल्या एका छोट्या गावात लोकांनी आरडाओरडा करून बिल मन्रोंच्या मंचावर चढवलं होतं. मन्रो म्हणजे ब्लूग्रासचे जनक, आणि एरवी चारचौघांशी फटकून वागणारे. पण त्यांनी आपल्या गळ्यातलं मॅन्डोलिन काढलं, पट्टा आखूड केला आणि पोराच्या गळ्यात घातलं.

मेबेन हे गाव तर आमच्या घरापासून पाऊण तासावर. ग्रीन्सबरोला जाताना हायवेवरून त्याची पाटी दिसते. तिथे जो थॉम्पसन राहायचे, १९१८चा जन्म, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, कृष्णवर्णीय. घरात फिडल वडिलांपासून चालत आलेली, आणि बँजोवर चुलतभाऊ ओडेल. ही जोडी अधलीमधली बरीच वर्षं गप्प होती. सत्तरच्या दशकात एका अभ्यासकाने त्यांना गाठलं आणि दोघं पुन्हा वाजवू लागले. मग १९९४मध्ये ओडेल मोटारीच्या धडकेने गेले. २००१मध्ये जो थॉम्पसनना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या बाजूने बघितलं तर गोष्ट इथे संपली होती. समोर बसणारा गेला, हातही पहिल्यासारखा राहिला नाही.

आणि त्यांच्या समाजातली पोरं काही दाराशी येणार नव्हती, कारण तोवर बँजो हे वाद्य गोऱ्यांचं झालेलं होतं. मुळात ते आलं आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. भोपळ्याची, कातडं मढवलेली ती वाद्यं आजही पश्चिम आफ्रिकेत वाजतात. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून, हातात बँजो घेऊन काळ्यांची टिंगल करणारे खेळ केले. आणि १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन खाती उघडली: काळ्यांसाठी ब्लूज, गोऱ्यांसाठी डोंगरी फिडल-बँजो. काळे लोक फिडल-बँजो वाजवत होते, पण त्या खात्यात त्यांना जागा नव्हती, म्हणून रेकॉर्ड फारशा झाल्या नाहीत. रेकॉर्ड नाहीत म्हणून दोन पिढ्यांनी असं धरलं की हे आपलं कधी नव्हतंच. माल कुठल्या फडताळात लावायचा हे दुकानदाराने ठरवलं आणि एका समाजाच्या हातून वाद्य निसटलं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा फार वेळ चिडलेली होते.

२००५च्या एप्रिलमध्ये बून इथल्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या बँजोवर एक मेळावा भरला. तिथे तीन तरुण एकमेकांना भेटले: ग्रीन्सबरोची रियानन गिडन्स, जी ऑपेराचं शिक्षण घेऊन आली होती, गॅस्टोनियाचा जस्टिन रॉबिन्सन, आणि अॅरिझोनातला डॉम फ्लेमन्स. ते मेबेनला जो थॉम्पसनांकडे जायला लागले. दर गुरुवारी. तेव्हा त्यांचं वय ८६. धडा, पाठ, समजावून सांगणं असा प्रकार नव्हता. ते वाजवायचे, ही पोरं त्यांच्याबरोबर वाजवायची, धून फिरत राहायची. ओडेलच्या जागी बँजो घेऊन कधी हा, कधी ती. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला, २०११मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जो थॉम्पसन गेले. २०२४मध्ये बियॉन्सेच्या ज्या कंट्री गाण्याने जग डोक्यावर घेतलं, त्यात सुरुवातीला वाजणारा बँजो याच गिडन्सचा. मुलीच्या वर्गातल्या पोरींना गाणं पाठ होतं. बँजो कोणाचा हे त्यांना माहीत नव्हतं, आणि नसलं म्हणून काही बिघडत नाही.

आता माझी खरी अडचण. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला समोर कुणीतरी हवंय, हे ओझं बारा वर्षांच्या पोरीने का उचलायचं? माझे काका साताऱ्याकडे गावात भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीच्या आधी ते पारावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना हाका मारायचे. माझ्या भावाला त्यांनी असंच पकडून बसवलं होतं, हातात टाळ देऊन. तो क्रिकेटच्या नावाखाली मागच्या गल्लीने पळायला शिकला. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, नव्या पोरांना कशाची कदर नाही. भावाचं म्हणणं, मला झोप येते. दोघांचंही खरं होतं. काका पुढे पुढे हाका मारायचे थांबले, आणि मंडळात पखवाजाला दुसऱ्या गावचा माणूस येऊ लागला, बिदागी घेऊन. काका पुढच्या रांगेत मांडी घालून ऐकायला बसायचे. बोटं मांडीवर चालूच असायची.

आणि दुसरी अडचण, जी मी माउंट एअरीत कुणाला बोलून दाखवली नाही. या डोंगरात दुसऱ्या एका महोत्सवाला आम्ही गेलो होतो, तिथे तंबूंच्या रांगेत एका तंबूवर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा झेंडा फडकत होता, आणि त्याच्याखाली बसलेली माणसं सुरेख वाजवत होती. नवरा म्हणाला, चल पुढे. मी दोन धुना उभी राहून ऐकल्या आणि मग गेले. या संगीताला ‘आपलं’ म्हणणाऱ्यांत असेही आहेत. त्यांच्यातल्या कुणी माझ्या मुलीसाठी खुर्ची ओढली असती का, मला ठाऊक नाही. कदाचित ओढलीही असती. माणसं अशी सरळ असती तर फार बरं झालं असतं.

स्थानिक पोरांचं म्हणाल, तर त्यासाठी एका शाळेतल्या समुपदेशक बाईंना पुढे यावं लागलं. हेलन व्हाइट, स्पार्टा नावाच्या गावात. डोंगराळ, नोकऱ्या उडालेला भाग. तिथल्या मुलांना शाळा सुटल्यावर गावातल्याच म्हाताऱ्यांकडून फिडल-बँजो शिकता यावं म्हणून त्यांनी २०००मध्ये एक उपक्रम सुरू केला. आता तो आजूबाजूच्या राज्यांत पसरला आहे. त्यातलं मला आवडतं ते असं की मुलांना ते आधी कानाने शिकवतात, कागद नाही, आणि लवकरात लवकर गटात बसवतात. येतं किती याला महत्त्व नाही. दोन सुरांवर गज हलवता आला की खुर्ची मिळाली. त्यातली काही पोरं मोठी होऊन आता स्वतः शिकवतात. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या पोरीला शिकवतोय हे बघताना, वारसा वगैरे शब्द मनातही येत नाहीत. टवाळक्या चालू असतात.

२०२५च्या एप्रिलमध्ये रियानन गिडन्सने डरॅमला बिस्किट्स अँड बँजोज नावाचा महोत्सव भरवला, आमच्या अगदी दाराशी. आम्ही गेलो. ड्रॉप्सची मंडळी कितीतरी वर्षांनी तिथे एकत्र वाजवणार होती. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यात कृष्णवर्णीय माणसं किती होती, आजीपासून नातवापर्यंत, याचंच मला अप्रूप. माझ्या शेजारच्या बाईंनी नवाकोरा बँजो पोटाशी धरला होता. वयाची साठी ओलांडलेली. त्यांच्या आजोबांकडे एक होता, त्या म्हणाल्या, माळ्यावर. घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही. मुलीचा अर्धा वेळ बिस्किटांच्या रांगेत गेला. आपल्या खारी-बिस्किटांशी त्याचा काही संबंध नाही, लोण्यातला गरम पाव असतो तो, आणि रांग खरोखर लांब होती.

माउंट एअरीला आम्ही पुढच्या गुरुवारी गेलो नाही. सुट्टी लागल्यावर गेलो, आणि मग अधूनमधून जात राहिलो. आजोबा कधी असतात, कधी नसतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलीची आवड मर्यादित आहे. फिडल आवडते, गाणी नाही. सगळ्या गाण्यांत कुणीतरी मरतं, असं तिचं म्हणणं, आणि ते चूक नाही. पण एक गोष्ट मी बघते आहे. शाळेचे ऑर्केस्ट्राचे तुकडे ती खोलीचं दार लावून एकटी वाजवते. या धुना एकटी वाजवत नाही. बाहेर येते, व्हायोलिनच्या तारा वर ओढून घेते आणि समोर कुणीतरी बसायलाच हवं म्हणून हटून बसते. बाबांना तालाचं अंग नाही, धाकट्याला स्थिर बसता येत नाही. उरले मी. एक जुनी गिटार आणली आहे. ए, डी आणि ई, एवढ्या तीन कॉर्डवर बहुतेक सगळं निभतं. बोटांची टोकं सोलली आहेत, आणि ई-वरून ए-वर येताना माझं तिसरं बोट हमखास अडकतं. ती थांबत नाही, मागे वळूनही बघत नाही. मी तारांवर नुसता हात ठेवून बसते, आणि धून फिरून पहिल्या भागावर आली की पुन्हा आत शिरते.